मोठी मामी तारीख मागते

माझ्या दोन्ही माम्या वकील आहेत. पण घरात कुणी "आपली वकीलबाई काय म्हणते?" असं विचारलं, तर ते धाकटीबद्दल असतं, हे न सांगता सगळ्यांना कळतं. मोठीलाही कळतं. अशा वेळी ती बशीतलं बिस्कीट उचलते आणि चहात इतका वेळ बुडवून धरते की शेवटी ते तुटून तळाशी जातं. मग ती चमचा मागते.

मोठ्या मामीचं ऑफिस कोर्टासमोर, चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. जिना इतका अरुंद की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे फिरावं लागतं, आणि बहुधा पक्षकारच फिरतो, कारण मामीचे दोन्ही हात फायलींनी भरलेले असतात. वर एक टेबल, चार खुर्च्या, एक पोलादी कपाट, भोकं पाडायचं यंत्र, पांढऱ्या नाड्यांचा गुंता आणि खिळ्याला काळा कोट. माझी परीक्षा संपून नोकरी लागायची होती तेव्हा मी महिनाभर तिच्याकडे राहिले. तिनं मला फायलींच्या पानांवर आकडे घालायला बसवलं.

"उजव्या कोपऱ्यात घाल. कडेपासून अंगठाभर आत. नाडी ओढल्यावर आकडा झाकला गेला की खिडकीवरचा माणूस फाइल परत करतो."

"इतक्यासाठी?"

"इतक्यासाठीच. मोठ्या चुका न्यायाधीशासाठी असतात."

कोर्टाच्या तळमजल्यावर एक खिडकी आहे. प्रत्येक अर्ज आधी तिथे द्यायचा. आतला माणूस सह्या, आकडे, अनुक्रमणिका सगळं तपासतो आणि काही कमी असेल तर कागद तसाच बाहेर सरकवतो. बावीस वर्षांत मामीचा एकही अर्ज त्या खिडकीतून परत आलेला नाही. ही गोष्ट तिला स्वतः सांगावी लागते. दुसरं कुणी सांगत नाही.

ती शिकली ते संध्याकाळचं कॉलेज. दिवसा एका विमा कचेरीत टायपिस्ट, सहाला सुटायचं, साडेसहाला वर्ग. कॉलेजला स्वतःची इमारत नव्हती, एका प्राथमिक शाळेतच ते भरायचं. बाकं सात-आठ वर्षांच्या मुलांच्या मापाची. करारभंगावर व्याख्यान चालू, गुडघे छातीशी, आणि समोरच्या भिंतीवर रंगवलेले हत्ती, घोडा, उंट. "मालमत्तेचा कायदा शिकवायचे ते सर फार हळू बोलायचे," मामी सांगते. "मी उंटाकडे बघत बसायचे. आजही गहाणखत म्हटलं की मला आधी उंट दिसतो." ती पहिली आली होती. "त्या कॉलेजात," हे दोन शब्द ती आपणहून पुढे जोडते, दुसऱ्या कुणी जोडण्याआधी.

धाकटी मामी शिकली त्या कॉलेजचं नाव घेतलं की ऐकणारा मान जराशी मागे घेतो. घरात त्याला नुसतं 'ते कॉलेज' म्हणतात. तिथे उतरती हिरवळ आहे, सरावासाठी खोटी कोर्टं भरवायला खरं सभागृह आहे, आणि ग्रंथालयाला म्हणे कुलूपच नाही. धाकटी आता दूरच्या शहरात एका मोठ्या कायदा-कंपनीत आहे. "एक कंपनी दुसरीला गिळते ना, तेव्हा घशात काय अडकेल ते मी आधी वाचून सांगते," असं ती आपल्या कामाबद्दल हसत सांगते. न्यायाधीशासमोर ती आजवर एकदाही उभी राहिलेली नाही. हेही तीच हसत सांगते.

धाकटी जराशी वाईट असती, तर मोठीचं आयुष्य फार सोपं झालं असतं. पण ती वाईट नाही. वाढदिवस लक्षात ठेवते, आली की भांडी घासते, मोठीला "ताई, तुम्ही बसा" म्हणते. मोठीच्या मनात जे आहे ते ठेवायला कुठे कोनाडाच मिळत नाही.

एकदा माझ्याच आईच्या घरातला भाडेकरू हलेना. आईनं धाकटीला फोन लावला, चेहरा दिसणारा, आणि आम्ही सगळे मागे उभे. मोठी मामीही. धाकटी म्हणाली, "वन्सं, मला भाडेकरूंमधलं ओ की ठो कळत नाही हो. ताईंना विचारा, त्यांचं रोजचं काम आहे."

फोन ठेवून आई म्हणाली, "बघा. एवढी शिकलीय, पण गर्व म्हणून नाही."

मग तिनं मोठीला विचारलं. मोठीनं तीन वाक्यांत सांगितलं, नोटीस कुणी द्यायची, किती दिवसांची, आणि तोवर भाडं घ्यायचं की नाही. आईनं नीट ऐकून घेतलं.

"हे एकदा धाकटीच्या कानावर घालते," आई म्हणाली, "म्हणजे पक्कं होईल."

मामी हसली. ओठ हसले, बाकीचा चेहरा गैरहजर होता. तिच्या सल्ल्यानं सहा आठवड्यांत भाडेकरू गेला. आईनं आभाराचा फोन दोघींना केला, आधी धाकटीला.

धाकटीनं एका भेटीत सगळ्यांना 'त्या कॉलेज'चं तराजू आणि पंखांचं बोधचिन्ह असलेले कप आणले होते. मोठी आपला कप ऑफिसात घेऊन गेली. मला वाटलं, मोठं मन आहे. ऑफिसात पाहिलं तर त्या कपात पानं उलटताना बोट ओलं करायचा स्पंज ठेवलेला. दिवसभर मामी त्या तराजूच्या आणि पंखांच्या वर बोट दाबत असते.

आता मुंगीबद्दल. मुंगी म्हणजे मामीची एकुलती एक मुलगी. लहानपणी भिंतीला चिकटून चालायची, म्हणून मुंगी. अठरा पूर्ण झालेली, बोलायला लागली की थांबत नाही, आणि तिलाही वकीलच व्हायचंय. इथल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळालेला होता. तेच मामीचं कॉलेज, आता त्याला स्वतःची इमारत आहे आणि वर्ग दिवसा भरतात. 'त्या कॉलेज'चा अर्जही तिनं भरला होता. पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही. मामी म्हणाली, "असू दे गं बाळा, इथे काय वाईट आहे." त्या संध्याकाळी कणीक मळताना मामी गुणगुणत होती. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण ती गुणगुणत होती.

मग एका सोमवारी दुसरी यादी लागली आणि मुंगी तो अरुंद जिना धडधडत वर आली. मागे फिरायला लागलेला पक्षकार पार फुटपाथपर्यंत मागे गेला.

"आई! लागलं! आई, लागलं नाव!"

मामी उठली, तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. खरंच फिरवला. मग चष्मा लावून मुंगीच्या फोनवरचा मजकूर वाचायला लागली, ओळ न ओळ, जशी ती समोरच्या वकिलाचा अर्ज वाचते. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत जागा पक्की करायची. पालकाच्या सहीचा अर्ज आणि मूळ गुणपत्रिकांच्या प्रती वेबसाइटवर चढवायच्या. नाही केलं तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला.

मूळ गुणपत्रिका मामीच्या पोलादी कपाटात होत्या. मूळ कागद घरात ठेवायचा नाही हा तिचा नियम. कपाटाची किल्ली तिच्या कोटाच्या खिशात असते, आणि कोट एक तर तिच्या अंगावर असतो नाही तर तिच्या नजरेसमोर.

मुंगीनं अर्ज छापून, भरूनही आणला होता. त्यात एक रकाना होता, 'कुटुंबातील कोणी या संस्थेत शिकले आहे काय? असल्यास नाते लिहा.' मुंगीनं तिथे गोल, सुंदर अक्षरात 'काकू' लिहिलं होतं. मामीचं बोट त्या शब्दावर थांबलं. मग ते खाली सरकलं, शेवटपर्यंत गेलं, पुन्हा वर आलं. आईच्या कॉलेजसाठी त्या अर्जात रकानाच नव्हता.

"छान," मामी म्हणाली. "फारच छान. बुधवारी बसून बोलू. बुधवारी बोर्ड हलका आहे."

बोर्ड म्हणजे त्या दिवशी पुकारल्या जाणाऱ्या प्रकरणांची यादी. त्या घरात दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं तरी आधी बोर्ड बघतात.

"बोलायचं काय त्यात?" मुंगी म्हणाली.

मामानंही जेवताना तेच विचारलं. मामा बस डेपोत टाइमकीपर आहे, गाडी सुटायची वेळ झाली की ती सुटली पाहिजे एवढंच त्याला कळतं. "फीचं मी बघून ठेवलंय. सही कर आणि मोकळी हो."

"फीचा प्रश्न कोण काढतंय? विचार नको करायला? पाच वर्षांचा प्रश्न आहे."

"विचार तिनं केलाय की."

"अठराव्या वर्षी केलेल्या विचाराला मी विचार म्हणत नाही," मामी म्हणाली. तिच्या बाजूनं हा पहिला युक्तिवाद.

दुसऱ्या दिवशी बाकीचे मला ऐकायला मिळाले. मी आकडे घालत होते, ती नाड्या ओवत होती. कलमं काय तिथे वेगळी छापतात का? खून इथे केला काय नि तिथे केला काय, कलम तेच. याच कोर्टातले चार न्यायाधीश आपल्या कॉलेजचे आहेत. पोरगी इथे राहिली तर पहिल्या वर्षापासून माझ्या टेबलाशी बसेल, पाच वर्षांत तिला साक्षीदाराचा चेहरा वाचता येईल. तिथे पाच वर्षं खोट्या कोर्टात खोटे साक्षीदार. "आणि कॉलेज माणसाला मोठं करत नाही, माणूस कॉलेजला मोठं करतो." हे शेवटचं वाक्य बोलताना ती स्वतःच नाडीकडे बघत राहिली.

खोटं यातलं काहीच नव्हतं. मला तर सगळं पटत होतं.

त्याच दुपारी खिडकीवर एक गंमत झाली. 'त्या कॉलेजा'तून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण वकील मोठ्या वकिलांच्या हाताखाली इथे आला होता. कोट इतका नवा की दुमडायला तयार नव्हता. त्याचा अर्ज खिडकीतून परत आला, कारण अनुक्रमणिका नव्हती. तो धावत गेला, ती जोडून आला. पुन्हा परत, प्रत्येक पानावर सही नव्हती. तिसऱ्यांदा आला तेव्हा सगळे आकडे नाडीखाली गेलेले.

मामीनं त्याला स्वतःचं पेन दिलं, कुठे काय लिहायचं ते दाखवलं. मोठ्या बहिणीसारखी. आणि जिना चढताना तिच्या पावलात असा हलकेपणा होता की मला एरवीसारखं सावकाश चालावं लागलं नाही.

"एवढं मोठं कॉलेज," ती वर येऊन कारकूनकाकांना म्हणाली, "आणि पानावर आकडा घालायला शिकवलं नाही हो!"

कारकूनकाका तिच्या ऑफिसात पहिल्या दिवसापासून आहेत. वय सत्तरीच्या आसपास, कमी बोलतात. "शिकेल," ते म्हणाले. "आकड्याला काय, एक दुपार पुरते."

मामीला ते आवडलं नाही.

बुधवारी आम्ही तिघी बसून बोलणार होतो. मुंगीनं चहा करून ठेवला होता. साडेसहाला मामीचा फोन आला. उलटतपासणी लांबली, डोकं दुखतंय, उद्या बोलू. उलटतपासणी तीनलाच संपली होती. मी तिथे होते. त्यानंतर मामी वकिलांच्या बार रूममध्ये पंख्याखाली, कुणाशीही न बोलता, बंद फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

गुरुवारी मी तिच्याबरोबर कोर्टात गेले. एका म्हाताऱ्या बाईंच्या घराच्या वाटणीचं प्रकरण होतं, मामी त्यांच्या बाजूनं. समोरून तोच नव्या कोटातला तरुण उभा राहिला. मामी आधी बोलली. तिनं दुसरं वाक्य पुरं करायच्या आत न्यायाधीश म्हणाले, "हं, हं, मुद्दा कळला, बाई. लेखी द्या." मामी बसली. मग तो तरुण उठला. त्याचा आवाज कापत होता, त्यानं चुकीच्या पानाचा आकडा सांगितला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"नवीन दिसता. कुठे शिकलात?"

त्यानं सांगितलं.

"अच्छा!" न्यायाधीश खुर्चीत मागे टेकले. "बोला, बोला. सावकाश बोला."

तो अकरा मिनिटं बोलला. मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली. मामी घड्याळाकडे बघत नव्हती, तिला मोजायची गरज नसावी. निकाल त्या दिवशी कुणाच्याच बाजूनं लागला नाही, पुढची तारीख पडली. बाहेर व्हरांड्यात म्हाताऱ्या बाईंनी मामीचा हात धरला आणि अगदी निरागसपणे विचारलं, "तो मुलगा फार हुशार आहे का हो?"

"हो," मामी म्हणाली. "चांगल्या कॉलेजचा आहे."

त्या रात्री जेवताना मुंगीनं विषय काढला आणि मामी म्हणाली, "उद्या."

"उद्या शुक्रवार आहे, आई."

"उद्या."

शुक्रवारी सकाळी मामी कोट चढवत असताना मुंगी दारात आडवी उभी राहिली. अर्ज हातात. "सही कर आणि किल्ली दे. मी ऑफिसात जाऊन कागद काढते. बोलायचं राहिलं तर राहू दे."

"किल्ली मी कुणाला देत नाही. संध्याकाळी मी आले की शांतपणे बसू."

"पाचची मुदत आहे! तुझं कोर्टच पाचला सुटतं!"

"मग? एखादा दिवस इकडे तिकडे झाला तर काय आभाळ कोसळतं? कारण लिहून द्यायचं. विलंब माफ करा असा एक चार ओळींचा अर्ज. मी लिहून देते तुला. एक दिवस कुणीही देतं."

"आई," मुंगी म्हणाली, "ते कोर्ट नाहीये. ती वेबसाइट आहे."

मामी थांबली. बावीस वर्षं ज्या इमारतीत ती वावरली तिथे मुदत म्हणजे वाटाघाटीची सुरुवात असते. मला वाटतं, तिला त्या क्षणापर्यंत खरंच वाटत होतं की मागून काहीतरी करता येईल. की तसं वाटून घेणं तिला सोयीचं होतं, ते मला ठरवता येत नाही. ती मुंगीच्या बाजूनं वाट काढून निघून गेली. मी तिच्या मागे.

दुपारी एकच्या सुमाराला ऑफिसात ती, मी आणि कारकूनकाका होतो. काका डबा झाकून हात पुसत म्हणाले, "बाई, एक विचारू? आपली बाजू कच्ची असली की आपण काय करतो?"

"तारीख मागतो," मामी फाइलीतून मान वर न करता म्हणाली.

"आणि समोरच्याची अगदीच पक्की असली तर?"

"दोन मागतो." तिला हसू आलं.

"मुंगीला किती दिल्या?"

मामीचं बोट स्पंजावर होतं ते तिथेच राहिलं. काकांनी डबा पिशवीत ठेवला, फायली उचलल्या आणि खाली निघून गेले. एरवी तिनं कुणाचं असं ऐकून घेतलेलं मला आठवत नाही.

तीनची सुनावणी समोरच्या वकिलाच्या आजारपणामुळे पुढे गेली. मामी परत येऊन खुर्चीत बसते न बसते तोच मुंगी आली. या वेळी जिना धडधडला नाही. डोळे सुजलेले होते. ती समोर बसली, जिथे पक्षकार बसतात तिथे.

"मी काकूला फोन केला होता," ती म्हणाली.

मामीचा चेहरा ताठ झाला. "कधी?"

"मंगळवारी. तू बोलत नव्हतीस म्हणून."

"मंगळवारी! म्हणजे माझ्या आधी तिला विचारून झालं. मग मला कशाला विचारतेस? ती म्हणाली असेल ना, ये म्हणून? तिकडचीच ती."

"ती म्हणाली, आईला विचार. म्हणाली, मी ते कॉलेज पाहिलंय, पण तुझ्या आईइतकं कोर्ट नाही पाहिलेलं. आई सांगेल ते कर."

मामीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. "काय जातं तिचं असं म्हणायला!" ती एकदम ओरडली. "ज्याचं पोट भरलेलं असतं त्याला म्हणता येतं, तुम्ही आधी घ्या! एकदा तरी तिनं म्हणावं ना, ताई, तुमचं कॉलेज भिकार आहे. एकदा! मग मी तिला उत्तर देईन. माझ्याकडे उत्तर तयार आहे, वीस वर्षं तयार आहे, पण ती विचारतच नाही!"

खाली चष्म्याच्या दुकानात कुणीतरी अक्षरं वाचून दाखवत होतं. मोठी, मग मधली, मग बारीक. मुंगी हळू आवाजात म्हणाली, "मीही विचारत नाहीये. तू सांग. तू म्हणालीस इथे राहा, तर मी राहीन. तोंड वाकडं न करता. तू खोटं सांगणार नाहीस मला, एवढं मला माहितेय."

मला त्या वेळी उठून जावंसं वाटलं, पण जिन्याकडे जायचं तर त्या दोघींच्या मधून जावं लागलं असतं.

मामी बोलली ती टेबलाकडे बघत.

"मी चोवीस वर्षांची होते. एका मोठ्या कचेरीत कायदा अधिकाऱ्याची जागा होती. तिघं जण समोर. माझा कागद मधल्या माणसाच्या हातात. तो म्हणाला, 'हे कॉलेज कुठे आहे?' आणि मी त्याला पत्ता सांगितला. अगं, खरंच सांगितला. अमुक चौक, तिथून डावीकडे, पाण्याच्या टाकीच्या मागे, प्राथमिक शाळेत. ते तिघंही ऐकत होते. मला वाटलं, लक्ष देऊन ऐकतायत. बाहेर आल्यावर जिन्यात कळलं, त्यानं पत्ता विचारलाच नव्हता."

मुंगीनं खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"कलमं सगळीकडे तीच आहेत, हे खरं. उभं राहिलं की शेवटी आपलं कामच बोलतं, हेही खरं. पण उभं किती वेळ राहू देतात, हे आधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं. पाच-सात वर्षांनी ते पुसलं जातं म्हणतात. मला बारा लागली. अजूनही एखाद्या दिवशी दोन वाक्यांत बसवतात." तिनं खिशात हात घातला. "फरक पडतो. पडायला नको, पण पडतो. तू जा."

"मग इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"तू गेलीस तर मी कमीच होते हे पक्कं होईल, असं वाटलं म्हणून." किल्ली टेबलावर ठेवून ती म्हणाली, "ऊठ, वाजले किती बघ."

तीन पन्नास झाले होते. मामीनं गुणपत्रिका काढल्या, कारकूनकाका वर आले होते त्यांनी दोन्ही तळव्यांनी कागद टेबलावर सपाट धरला, मी फोनवर प्रती काढल्या. पहिली पुसट आली. दुसरीत काकांचा अंगठा आला. "तुमच्या अंगठ्याला प्रवेश नकोय, काका," मुंगी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मामीनं अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला, एका ठिकाणी तारीख राहिली होती ती घालायला लावली, आणि सही केली. पूर्ण सही, लपेटीसकट, जी ती फक्त प्रतिज्ञापत्रांवर करते. वेबसाइटवर ते छोटं चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं, आणि चार एक्केचाळीसला थांबलं.

जागा पक्की झाल्याचं पत्र यायला आणखी चाळीस मिनिटं लागली. ते वाचून मुंगीनं आधी आईच्या गळ्यात हात टाकले, मग बाबांना फोन लावला तर तो उचलला गेला नाही, आणि शेवटी ती फोन घेऊन गॅलरीत पळाली.

"काकू! झालं! हो, आत्ता! हिरवळीवर बसता येतं का गं? खरंच? आणि ते ग्रंथालय... थांब, थांब, सगळं सांग."

मामी सोमवारच्या अर्जाला भोकं पाडत होती. यंत्राच्या दर दाबानिशी बाहेरचं हसणं तुटत होतं आणि पुन्हा जोडलं जात होतं.

"तिलाच सांगणार," ती मला म्हणाली. "मला काय विचारणार, उंट कुठल्या भिंतीवर होता?" मग थोड्या वेळानं, "मला वाटलं होतं, एकदा हो म्हटलं की जाईल हे. पोटातलं. गेलं नाही. आधी एकीचाच हेवा वाटायचा. आता दोघींचा वाटतोय."

तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी पावसाळी हवेत गुडघा दुखतो म्हणून सांगतं. मी कागदाच्या गोल टिकल्या टेबलावरून हातात गोळा केल्या.

मुंगी आत आली. फोन कानापासून दूर, तळव्यानं झाकलेला. चेहरा लाल झालेला. "आई, काकू तुझ्याशी बोलायचं म्हणतेय. तुझं अभिनंदन करायचंय."

मामीनं यंत्र खाली ठेवलं. क्षणभर मला वाटलं, हात पुढे करील.

"सांग तिला, आई कोर्टात आहे."

मुंगीनं आईकडे पाहिलं. कोट खिळ्याला होता, आई खुर्चीत, समोर. मग ती वळली आणि फोन कानाला लावून म्हणाली, "काकू, आई कोर्टात आहे गं. नंतर करील ती."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं, मुंगी "हो हो" म्हणाली. साडेपाच वाजायला आले होते. समोरच्या इमारतीचं फाटक लागलं होतं, पहारेकरी साखळी ओढत होता. या वेळी कुठलंच कोर्ट चालू नसतं, हे आयुष्यात कधी कोर्टात उभ्या न राहिलेल्या वकिलालाही ठाऊक असतं. धाकट्या मामीनं काही विचारलं नाही. तिनं नेहमीसारखं समजून घेतलं, आणि फोन ठेवला.